रस्त्याचे माप : टोरंटोतील सायकलपट्ट्या आणि वाहतूककोंडीचा प्रश्न

मराठीतील ‘वाहणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ सर्वपरिचित आहेत. नदी वाहते तेव्हा ते अकर्मक असते आणि प्रवाहाचा बोध करून देते. हमाल ओझे वाहतो तेव्हा ते सकर्मक असते आणि काहीतरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचा बोध करून देते. ‘वाहतूक’ हा शब्द यांपैकी दुसऱ्या अर्थाशी जोडलेला आहे. माणसे व माल नेणे ही वाहतूक होय. परंतु शहरांच्या आधुनिक कारभारात या शब्दाचा रोख नकळत पहिल्या अर्थाकडे वळला आहे. वाहतूक सुरळीत आहे असे आज म्हटले जाते, तेव्हा मोटारींचा प्रवाह अडत नाही एवढेच बहुधा अभिप्रेत असते. त्या प्रवाहातून किती माणसे कोठे व कशा स्थितीत पोहोचली, हा प्रश्न मागे पडतो. अर्थाचे हे स्थलांतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. रस्त्यावरची जागा कोणाला मिळावी याचा निर्णय त्यावरून होतो, आणि काही वेळा कोणाचे प्राण वाचावेत याचाही.

कॅनडातील टोरंटो शहरात २०२४ व २०२५ या वर्षांत सायकलपट्ट्यांवरून जो वाद झाला, त्यात हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. टोरंटो ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टारिओच्या विधिमंडळाने एक अधिनियम संमत केला. त्याच्या नावाचा आशय ‘कोंडी घटविणारा व तुमचा वेळ वाचविणारा अधिनियम’ असा होता. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याला राजसंमती मिळाली. ब्लूर स्ट्रीट, यंग स्ट्रीट व युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या शहरातील तीन प्रमुख रस्त्यांवरील सायकलपट्ट्या काढून ती जागा मोटारींना परत द्यावी, अशी त्यात तरतूद होती. या तरतुदीच्या मुळाशी तीन गृहीतके होती. पहिले, ही जागा मूळची मोटारींची आहे. दुसरे, ती मोटारींना मिळाली की कोंडी सुटेल. तिसरे, सुटणाऱ्या कोंडीच्या मानाने सायकलस्वारांचे होणारे नुकसान गौण आहे. शहराच्या स्वतःच्या इतिहासाच्या आधारे या तीन गृहीतकांची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मूळची जागा कोणाची?

टोरंटोच्या रस्त्यावर सायकल ही मोटारीनंतर आलेली उपटसुंभ वस्तू नव्हे. कॅनडातील सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना १८८२ मध्ये स्थापन झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सायकलीचा प्रसार फार झपाट्याने झाला. चिखलाच्या रस्त्यांऐवजी पक्के रस्ते असावेत ही मागणी उत्तर अमेरिकेत ज्यांनी प्रथम हिरिरीने मांडली, त्यांत सायकलस्वार अग्रभागी होते. ज्या गुळगुळीत रस्त्यांवर पुढे मोटारीने हक्क सांगितला, त्यांच्या मागणीचा पाया सायकलीने घातला होता. १८९९ मध्ये सायकल तयार करणाऱ्या अनेक कंपन्या एकत्र येऊन टोरंटोत ‘कॅनडा सायकल अँड मोटर कंपनी’ स्थापन झाली. सायकलीचे नाव आधी आणि मोटारीचे मागून, हा त्या नावातील क्रम त्या काळाची वस्तुस्थिती सांगणारा आहे. या कंपनीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘रसेल’ नावाची मोटारही बनविली.

वादातील रस्त्यांचा इतिहास याहून अधिक बोलका आहे. ब्लूर स्ट्रीट डॉन नदीच्या खोऱ्यापाशी येऊन थांबत असे. खोऱ्याच्या पलीकडील डॅनफोर्थ भागाशी त्याला जोडणारा प्रिन्स एडवर्ड सेतू १९१८ मध्ये खुला झाला. त्याची रचना करणाऱ्यांनी रस्त्याच्या खाली भावी रेल्वेसाठी एक मजला आधीच राखून ठेवला होता. सुमारे अर्ध्या शतकानंतर, १९६६ मध्ये, ब्लूर-डॅनफोर्थ भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिने याच मजल्याचा उपयोग केला. तोपर्यंत ब्लूर स्ट्रीटच्या मध्यभागी ट्रामगाड्या धावत होत्या. भुयारी रेल्वेचा मार्ग वाढत गेला तसतशा १९६६ ते १९६८ या काळात त्या बंद झाल्या. यंग स्ट्रीटवर हेच आधी घडले होते. ३० मार्च १९५४ रोजी देशातील पहिली भुयारी रेल्वे तेथे सुरू झाली आणि रस्त्यावरील ट्राम संपली.

ट्राम गेल्यावर मोकळी झालेली जागा मोटारींच्या वाट्याला आली. म्हणजे ज्या मार्गिका मोटारींना ‘पूर्ववत्’ मिळाव्यात असे म्हटले गेले, त्या पूर्ण स्वरूपात मोटारींच्या हाती आल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. ‘पूर्ववत्’ या शब्दात एक पूर्वस्थिती गृहीत असते. ती कोणत्या वर्षाची धरावयाची हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होत नाही. रस्त्याच्या जागेची वाटणी प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे केलेली आहे. मोटारीला झालेले वाटप हेही अशा अनेक वाटपांपैकी एक होय. ते अनादि नव्हे.

२. रुंदीकरणाचा अनुभव

दुसरे गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते सामान्य बुद्धीला पटण्यासारखे दिसते. नळ रुंद केला की पाणी अधिक वाहते. रस्ता रुंद केला की मोटारी अधिक वेगाने जातील. ‘वाहणे’च्या अकर्मक अर्थावर उभी असलेली ही उपमा टोरंटोने दीर्घकाळ व मोठ्या खर्चाने पडताळून पाहिली आहे.

१९५३ मध्ये मेट्रोपॉलिटन टोरंटो ही महानगर-शासनाची नवी व्यवस्था कायद्याने निर्माण झाली. तिचे पहिले अध्यक्ष फ्रेडरिक गार्डिनर यांच्या नावाचा द्रुतगती मार्ग सरोवराच्या काठाने १९५५ ते १९६६ या काळात बांधण्यात आला. शहराच्या उत्तरेकडून जाणारा ४०१ क्रमांकाचा महामार्ग प्रारंभी चार मार्गिकांचा होता. तो पुरेनासा झाला म्हणून १९६३ पासून त्याचे बारा मार्गिकांपर्यंत रुंदीकरण सुरू झाले. पुढे काही भागांत ही संख्या अठरापर्यंत गेली. जगातील अतिशय रुंद महामार्गांत त्याची गणना होते आणि अतिशय कोंडीच्या महामार्गांतही. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रांताच्या मुख्यमंत्र्यांनी याच महामार्गाच्या खालून बोगदा काढण्याची कल्पना मांडली. अठरा मार्गिकांनी जे साधले नाही त्यासाठी आता भूगर्भाकडे वळावे लागले, हीच रुंदीकरणाच्या उपायावरची टीका होय.

या अनुभवाचे कारण अभ्यासकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये असे प्रतिपादन केले की, शहरी द्रुतगती मार्गांवर गर्दीच्या वेळची रहदारी मार्गाच्या सामर्थ्याच्या मर्यादेपर्यंत वाढतच जाते. रस्ता मोकळा झाला की पूर्वी दुसऱ्या वेळी, दुसऱ्या मार्गाने किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे लोक त्यावर येतात, आणि कोंडी पुन्हा पहिल्या पातळीवर येऊन ठेपते. जिल दुरांतों व मॅथ्यू टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतील शहरांच्या आकडेवारीवरून दाखविले की, महामार्गांची लांबी व मार्गिका ज्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरील मोटारींचा प्रवासही वाढतो. त्या वेळी हे दोघेही टोरंटो विद्यापीठात अध्यापन करीत होते. त्या विद्यापीठाचा परिसर ब्लूर स्ट्रीटला लागून आहे, आणि प्रांताचे विधिमंडळ त्याच्या शेजारीच आहे. ज्ञान व निर्णय यांच्यात येथे अंतर पडले, ते भूगोलामुळे नव्हे.

अधिनियमाच्या इंग्रजी नावातील ‘ग्रिडलॉक’ हा शब्दही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या वाहतूक अभियंत्यांच्या बोलीतून आलेला हा शब्द १९८० च्या तेथील सार्वजनिक वाहतुकीच्या संपात सर्वतोमुखी झाला. त्याचा मूळ अर्थ नेमका आहे. चौकडीच्या रचनेतील चौक एकामागून एक गाड्यांनी असे अडतात की कोणत्याच दिशेला हालचाल शक्य राहत नाही. हा दोष चौकात उत्पन्न होतो. दोन चौकांमधील रस्त्यावर एक मार्गिका वाढविल्याने तो दूर होत नाही; उलट पुढच्या चौकात एकाच वेळी अधिक गाड्या येऊन पोहोचतात. मराठीतील ‘कोंडी’ हा शब्दही ‘कोंडणे’ या सकर्मक क्रियापदापासून आला आहे. कोंडी कोणीतरी केलेली असते. टोरंटोत ती करणाऱ्या कारणांत रस्त्यांवरील बांधकामांचा वाटा मोठा होता. नव्या भुयारी रेल्वेच्या कामासाठी क्वीन स्ट्रीटचा मध्यवर्ती भाग मे २०२३ पासून कित्येक वर्षांसाठी बंद करण्यात आला. ही रेल्वे प्रांतिक शासनाचीच योजना होती. बांधकामे आवश्यक असतात यात वाद नाही. परंतु त्यांनी केलेल्या कोंडीचे खापर सायकलपट्टीवर फोडणे हे निदान नव्हे.

टोरंटोने रुंदीकरणाचा मोह एकदा टाळलाही होता. शहराच्या मध्यवस्तीतून जाणारा स्पडायना द्रुतगती मार्ग अर्धवट बांधून झाला असता त्याला नागरिकांनी विरोध केला. न्यूयॉर्कमधून १९६८ मध्ये टोरंटोला येऊन स्थायिक झालेल्या जेन जेकब्स या विदुषीही त्या विरोधात सामील होत्या. अखेर ३ जून १९७१ रोजी मुख्यमंत्री विल्यम डेव्हिस यांनी ते काम थांबविले. वाहतूकव्यवस्था मोटारींची सेवा करण्यासाठी नसून माणसांची सेवा करण्यासाठी असते, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. हा निर्णय प्रांतिक शासनाने घेतलेला होता, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात विसरता येत नाही.

३. दोन प्रयोग : जार्व्हिस आणि ब्लूर

सायकलपट्टी काढल्याने काय साधते, याचाही अनुभव शहराने एकदा घेतला होता. जार्व्हिस स्ट्रीट हा पाच मार्गिकांचा रस्ता होता. त्याच्या मधल्या मार्गिकेची दिशा सकाळी व सायंकाळी बदलत असे. ही मधली मार्गिका रद्द करून २०१० मध्ये दोन्ही कडांना सायकलपट्ट्या आखण्यात आल्या. शहराच्या पाहणीत असे आढळले की, सायकलस्वारांची संख्या सुमारे तिप्पट झाली, मोटारींची संख्या जवळपास तेवढीच राहिली, आणि गर्दीच्या वेळी मोटारीचा प्रवास सरासरीने सुमारे दोन मिनिटांनी वाढला. सकर्मक अर्थाने पाहिल्यास रस्त्याची वाहतूक वाढली होती, कारण तो पूर्वीपेक्षा अधिक माणसे नेत होता. परंतु हिशेब त्या दोन मिनिटांचा झाला. जुलै २०११ मध्ये नगरपरिषदेने पट्ट्या काढण्याचा ठराव केला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या पुसण्यात आल्या, तेव्हा काही नागरिक रस्त्यावर बसून राहिले होते. दिशा बदलणारी मधली मार्गिका परत आली. शहराची कोंडी मात्र पुढील दशकातही तक्रारीचा विषय राहिली, आणि याचा पुरावा २०२४ च्या अधिनियमाचे नावच देते.

ब्लूर स्ट्रीटवरील प्रयोग अधिक काळजीपूर्वक करण्यात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये शॉ स्ट्रीट ते ॲव्हेन्यू रोड या सुमारे २.४ किलोमीटरच्या भागात प्रायोगिक पट्ट्या घालण्यात आल्या. त्यासाठी मोटारी उभ्या करण्याच्या १३६ जागा कमी कराव्या लागल्या. यामुळे व्यापार बुडेल अशी भीती अनेक दुकानदारांना वाटत होती, आणि ती भीती अनाठायी म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. म्हणूनच स्थानिक व्यापारी संघांच्या सहभागाने आधीची व नंतरची स्थिती मोजण्यात आली. तुलनेसाठी पट्टी नसलेल्या डॅनफोर्थ भागाचीही पाहणी झाली. ब्लूरवर येणाऱ्या ग्राहकांच्या फेऱ्या व त्यांचा खर्च घटला नाही, उलट वाढला, असे तीत दिसून आले. शहराच्या मोजणीप्रमाणे सायकलस्वारांची संख्या ४९ टक्क्यांनी वाढली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने ३६ विरुद्ध ६ मतांनी पट्ट्या कायम केल्या. २०२० च्या महामारीच्या काळात हे जाळे युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू, डॅनफोर्थ व पुढे यंग स्ट्रीट येथवर वाढले.

या दोन प्रयोगांत एक भेद आहे. जार्व्हिसचा निकाल मोजणीविरुद्ध लागला, ब्लूरचा मोजणीनुसार. २०२४ च्या अधिनियमाने ज्या पट्ट्यांवर घाला घातला, त्यांत मोजून, मतदान करून कायम केलेली ब्लूरची पट्टीही होती.

४. अधिनियम, आकडे आणि न्यायालय

प्रांतिक शासनाचा युक्तिवाद न्याय्य रीतीने मांडणे आवश्यक आहे. शहराच्या पश्चिमेकडील एटोबिको भागात वस्ती विरळ आहे, अंतरे लांब आहेत, आणि तेथे ब्लूरची पट्टी वाढविण्यात आली तेव्हा अनेक रहिवाशांनी व दुकानदारांनी मनापासून विरोध केला. हिवाळ्यात सायकली कमी होतात हेही खरे आहे. परंतु शासनाने मुख्य भर दिला तो १.२ टक्के या आकड्यावर. एवढेच लोक सायकलीने कामावर जातात, मग इतरांनी कोंडीत का अडकावे, असा तो प्रश्न होता. हा आकडा २०११ मधील होता आणि दूरवरच्या उपनगरांसह सबंध महानगर प्रदेशाचा होता. ब्लूर स्ट्रीटवर २०२४ मध्ये काय घडत होते हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. पूल बांधावा की नाही हे नदी पोहून जाणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवीत नाहीत. सुरक्षित मार्ग नसताना घेतलेल्या मोजणीवरून त्या मार्गाची गरज ठरविणे यापेक्षा वेगळे नाही.

सायकली मुख्य रस्ता सोडून शेजारच्या दुय्यम रस्त्यांवरून न्याव्यात, असाही एक पर्याय सुचविण्यात आला. नकाशा पाहिल्यास त्यातील अडचण ध्यानात येते. टोरंटोचे दुय्यम रस्ते नदीच्या खोऱ्यांपाशी व लोहमार्गांपाशी तुटतात. डॉनचे खोरे ओलांडावयाचे तर सेतू मोजकेच आहेत, आणि ते मुख्य रस्त्यांवर आहेत. १९१८ मध्ये ब्लूरला सेतूची गरज का भासली, हे ज्याने समजून घेतले आहे त्याला सायकलस्वार ब्लूरवरच का येतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

रस्त्याच्या सामर्थ्याचा प्रश्नही येथे येतो. उत्तर अमेरिकेतील शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या मापांप्रमाणे मोटारींची एक मार्गिका तासाला ६०० ते १,६०० माणसे नेऊ शकते, तर तेवढ्याच रुंदीचा संरक्षित दुतर्फा सायकलमार्ग सुमारे ७,५०० माणसे नेऊ शकतो. सामर्थ्य म्हणजे प्रत्यक्ष वापर नव्हे, हे मान्यच आहे. तथापि ज्या शहराला आपल्या मर्यादित रस्त्यांवरून वाढती लोकसंख्या न्यावयाची आहे, त्याने अधिक वाहू शकणारे साधन काढून कमी वाहू शकणारे बसवावे, हे तर्काला धरून नाही. या बदलासाठी येणारा खर्चही थोडा नव्हता. पट्ट्या बांधण्यास सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर लागले होते. त्या काढण्यास सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर लागतील, असा अंदाज नगर-प्रशासनाने दिला. प्रांतिक शासनाने हा अंदाज अमान्य केला. पट्ट्या काढूनही मोटारींचा वेळ फारसा वाचणार नाही, असेही नगर-प्रशासनाने कळविले होते.

तिसऱ्या गृहीतकाची परीक्षा न्यायालयात झाली. २०२४ या एका वर्षात टोरंटोत सहा सायकलस्वार मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक मृत्यू ब्लूर स्ट्रीटवरच, सायकलपट्टी बांधकामाच्या कचरापेटीने अडलेली असता, मोटारींच्या मार्गिकेत जावे लागल्यामुळे झाला. पट्टी नसणे म्हणजे काय, हे त्या एका ठिकाणी काही हातांच्या अंतरात दिसून आले. प्रांतिक शासनालाही धोक्याची कल्पना नव्हती असे नाही. पट्ट्या काढल्यामुळे इजा झाल्यास शासनाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा करता येऊ नये, अशी तरतूद त्याने अधिनियमात घातली होती. जी गोष्ट घडणारच नाही तिच्यापासून कोणी कायद्याने संरक्षण घेत नाही.

सायकलस्वारांच्या एका संघटनेने व काही नागरिकांनी या अधिनियमाला आव्हान दिले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने पट्ट्या काढण्यास तात्पुरती मनाई केली, आणि ३० जुलै २०२५ रोजी ऑन्टारिओच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉल शॅबस यांनी निर्णय दिला. सायकलपट्टी मिळण्याचा घटनादत्त हक्क कोणाला आहे, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या निर्णयाचा आधार निराळा होता. असलेले संरक्षण शासन स्वतः काढून घेते, त्यामुळे माणसांच्या जीविताला धोका वाढतो, आणि ज्या हेतूसाठी हे केले जाते तो हेतू त्याने साधत नाही. तेव्हा हे कृत्य कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेच्या सातव्या कलमातील जीवित व व्यक्तीची सुरक्षितता यांविषयीच्या हमीचा भंग करते. पट्ट्या काढल्याने कोंडी कमी होईल असे दाखविणारा पुरावा न्यायालयाला आढळला नाही. शासनाने स्वतः घेतलेला तज्ज्ञांचा सल्लाही त्याच्या बाजूचा नव्हता. या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा मनोदय शासनाने जाहीर केला. वरच्या न्यायालयात हक्कसनदेचा अर्थ कसा लागतो हा विधिशास्त्राचा प्रश्न होय. पुराव्यातून निघालेला इतिहासाचा निष्कर्ष त्यावर अवलंबून नाही.

५. उपसंहार

‘वाहतूक’ या अर्थी मराठीत रूढ असलेला ‘रहदारी’ हा दुसरा शब्द फारसीतून आला. जुन्या काळी त्याचा अर्थ वाटेवर आकारला जाणारा कर, तसेच वाटेने जाण्याचा परवाना असा होता. चालणाऱ्याचा हक्क नव्हे, तर चालू देणाऱ्याची सत्ता त्या शब्दात मुख्य होती. २०२४ च्या अधिनियमाने मोटारींची मार्गिका कमी करून नवी सायकलपट्टी घालावयाची असल्यास नगरांनी प्रांताची अनुज्ञा घ्यावी असे ठरविले, तेव्हा हा जुनाच अर्थ नव्या वेषात परत आला. १८६७ च्या कॅनडाच्या राज्यघटनेनुसार नगरसंस्थांवर प्रांताचा अधिकार चालतो, यात शंका नाही. १९७१ मध्ये हाच अधिकार वापरून प्रांताने शहराची वस्ती द्रुतगती मार्गापासून वाचविली होती. म्हणून दोष अधिकारात नव्हे, तो ज्या मापाने वापरला गेला त्या मापात शोधावयास हवा.

त्या मापाविषयी टोरंटोचा इतिहास संदिग्ध नाही. ब्लूर व यंगवरील ज्या मार्गिका मोटारींच्या ‘मूळच्या’ मानल्या गेल्या, त्या ट्रामच्या मागून त्यांच्याकडे आल्या होत्या. चार मार्गिकांचा महामार्ग अठरा मार्गिकांचा झाला, आणि कोंडी राहिली. जार्व्हिसवरील पट्टी पुसली गेली, आणि कोंडी राहिली. या अनुभवानंतर तीच गोष्ट तीन मुख्य रस्त्यांवर करणे म्हणजे ज्या औषधाने गुण आला नाही त्याची मात्रा वाढविणे होय, आणि या वेळी त्या औषधाची किंमत रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या असंरक्षित माणसाने द्यावयाची होती. मोटारीत बसलेल्या माणसाचा वेळही मोलाचा आहे. परंतु त्याच्या पुढे उभी असलेली रांग मोटारींचीच असते. जो माणूस सायकलीवर बसून पट्टीत जातो, तो त्या रांगेतून बाहेर पडलेला असतो. पट्टी काढल्याने त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : जीव धोक्यात घालणे, अथवा मोटार घेऊन पुन्हा त्याच रांगेत येऊन उभे राहणे. यांपैकी कोणत्याही मार्गाने ती रांग लहान होत नाही.